ताईत काढला की एडिटर विसरतो

त्या शनिवारी आमच्या डीटीपीच्या ऑफिसात माणसं मावत नव्हती. शेजारचा कागदवाला आला होता, समोरचा रबरी शिक्केवाला आला होता, वरच्या मजल्यावरच्या विमा कचेरीतल्या तिघीजणी हातातलं काम टाकून खाली आल्या होत्या. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते काचेच्या दाराला नाकं लावून उभे होते. सगळ्यांचं लक्ष एका कॉम्प्युटरकडे, आणि त्या कॉम्प्युटरपुढे खुर्चीत बसले होते यंत्रगुरू.

हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटात तांब्याचं कडं आणि झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा हळू, ओलसर आवाज.

"आता मी ताईत काढतो," ते म्हणाले. "यंत्राकडे लक्ष ठेवा. माझ्याकडे नको. मी कुणीच नाही."

कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत तांब्याची एक चपटी डबी खोचलेली होती. ती त्यांनी दोन बोटांनी ओढून काढली आणि आमच्या नव्या ऑपरेटर मुलीला टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर टाइप करायचा प्रोग्रॅम, उघडायला सांगितला. एडिटर उघडला तो पार उघडाबोडका. मुंगीएवढं अक्षर, डोळ्यांत खुपणारी पांढरी पाटी. एरवी ती दोन कळा दाबायची आणि पडद्यावर 'दर चार तासांनी' हे शब्द उमटायचे. आता नुसती दोन अक्षरं आली आणि तिथेच थांबली.

"यंत्र विसरलं," यंत्रगुरू म्हणाले.

मग त्यांनी डबी कपाळाला टेकवली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि डबी पुन्हा खाचेत बसवली. एडिटर बंद करून परत उघडला. ठसठशीत मोठं अक्षर, फिकट पिवळी पाटी, आणि दोन कळांत 'दर चार तासांनी'.

गर्दीने एकदम श्वास सोडला. शिक्केवाल्याने चक्क हात जोडले.

"यंत्राला स्मृती असते," यंत्रगुरूंनी सुरुवात केली, "स्मृतीला लहर असते, लहरीला स्पर्श लागतो. विज्ञानाला यातलं पहिलं कळतं, दुसरं थोडं कळतं, तिसरं कळत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून चौथ्यांदा ऐकत होतो. दर वेळी विज्ञानाला थोडं कमीच कळत होतं.

मी या ऑफिसातला प्रूफरीडर. इतरांच्या चुकांखाली लाल रेघ मारणं हा माझा धंदा. त्या दिवशी समोर एवढी ढळढळीत चूक चालली होती आणि मी भिंतीला टेकून गप्प उभा होतो. मालकांना यंत्रगुरू पटले होते, आणि मालकांना पटलेल्या गोष्टीला आमच्याकडे कुणी लाल रेघ मारत नसे.

तेवढ्यात विमा कचेरीतल्या एकीने विचारलं, "मग मावशींनाच का जमत नाही हो?"

मावशी म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर. वय साठीच्या जवळ, सगळ्या ऑफिसच्या मावशी. आमच्याकडे मुख्य काम दवाखान्यांच्या पत्रकांचं. ऑपरेशननंतर औषध कसं घ्यायचं, कधी घ्यायचं, काय टाळायचं, याची पत्रकं. ही वाचणार म्हातारी माणसं, म्हणून अक्षर मोठं हवं आणि शब्द अचूक हवेत. त्यासाठी मावशींनी एकोणीस वर्षं खपून एडिटरची सेटिंग बसवली होती. अक्षर केवढं, रंग कुठला, कुठल्या दोन कळा दाबल्या की कुठलं पूर्ण वाक्य उमटेल, औषधांच्या नावांची यादी, सगळं. हे सगळं काही फाइलींत लिहिलेलं असतं. एडिटर उघडला की तो एका ठरलेल्या फोल्डरमध्ये जातो, त्या फाइली वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. फोल्डर सापडला नाही, तर कारखान्यातून आला तसा कोरा उघडतो. त्याला स्मृती वगैरे काही नसते. तो वाचतो, एवढंच.

महिन्यापूर्वी मालकांनी जुना कॉम्प्युटर काढून चार नवे आणले. नव्यांवर एडिटर अर्थातच कोरा उघडला. मावशी म्हणाल्या, "जुन्या मशीनमधला सेटिंगचा फोल्डर आणून यात ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे." पण मालक घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटांचं काम कमीपणाचं वाटतं. कागदवाला यंत्रगुरूंना घेऊन आला. यंत्रगुरूंनी जुन्या कॉम्प्युटरवरून हात फिरवला, "हा दूषित आहे, वास्तूत ठेवू नका," असं सांगितलं आणि तो स्वतःच्या गाडीत घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चार ताईत घेऊन आले. एकांत हवा म्हणाले, पडदे ओढून घेतले. सगळ्यांचे पासवर्डही मागितले, कारण यंत्राशी बोलताना म्हणे आडपडदा चालत नाही. आम्ही सगळ्यांनी दिले. मीही दिला.

मावशींनी दिला नाही. "माझा पासवर्ड मी माझ्या सुनेला सांगितलेला नाही," त्या म्हणाल्या, "तुम्हाला का सांगू?"

तासाभराने पडदे उघडले तेव्हा आमच्या सगळ्यांचे एडिटर पूर्वीसारखे झाले होते. मावशींचा मात्र कोराच. मशीन बदललं तरी तेच. आम्ही ज्या मशीनवर सुखाने काम करत होतो, त्यावर त्या येऊन बसल्या की एडिटर कोरा.

तर त्या शनिवारी यंत्रगुरूंनी मावशींना सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं. ताईत खाचेतच होता. मावशींनी आपल्या नावाने लॉगिन केलं, एडिटर उघडला. मुंगीएवढं अक्षर, पांढरी पाटी.

यंत्रगुरूंनी त्यांच्या हातांकडे लांबूनच पाहिलं. "माउली, तुमचा दोष नाही," ते म्हणाले. "पण या हातांत विस्मृतीची लहर आहे. यंत्र हात ओळखतं."

"यंत्र पासवर्ड ओळखतं," मावशी म्हणाल्या. "मी सांगते काय झालंय ते. मला फक्त या नव्या मुलीच्या लॉगिनमध्ये एकदा..."

"लावू नका हात," यंत्रगुरू म्हणाले, आणि नवी ऑपरेटर कीबोर्ड पोटाशी धरून मागे सरकली. ती बिचारी मावशींच्या हाताखाली शिकलेली.

मालक पुढे आले. "मावशी, थोडे दिवस घरी आराम करा. गुरुजी काहीतरी उपाय काढतील. मग बघू."

मावशींनी चष्म्याची डबी उचलली, पर्स उचलली आणि त्या निघाल्या. दाराशी उभ्या असलेल्यांनी वाट दिली. जरा जास्तच दिली.

आठवडाभराने मी त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मावशी खिडकीशी बसून नातवाच्या शर्टाला बटण लावत होत्या. सुनेने पाणी दिलं आणि तिथेच उभी राहिली.

"काका, ऑफिसात खरंच असं म्हणतात का, आईंच्या हातांबद्दल?" तिने विचारलं.

मी ग्लासात पाहिलं.

"शेजारच्या वहिनी शिवणकाम करतात," सून म्हणाली. "त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, तर आई रोज जाऊन ओवून द्यायच्या. परवा त्यांनी दारातच सांगितलं, राहू द्या म्हणून. मशीन नवीन आहे म्हणाल्या."

"जाऊ दे गं," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्याने एडिटरला नवा पत्ता दिलाय. सेटिंग कुठून वाचायची, तो पत्ता बदलता येतो. तुमच्या सगळ्यांच्या लॉगिनमध्ये बदललाय. माझ्यात बदलता आला नाही."

"मग हे तुम्ही बोलायला हवं होतं, मावशी."

"बोलत होते की. तुम्ही भिंतीला टेकून ऐकत होतात."

चहा न घेताच मी उठलो.

मी काही केलं असतं का, मला ठाऊक नाही. पण सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई ऑफिसात आल्या आणि तो प्रश्नच उरला नाही. बुटक्या, सडसडीत, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांच्या दवाखान्याची सगळी पत्रकं आमच्याकडे होत. हातात आमचंच प्रूफ होतं. त्यांनी ते मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"हे वाचा."

मालकांनी वाचलं. "थेंब दर चार दिवसांनी घालावेत."

"तासांनी. दर चार तासांनी. मोतीबिंदू काढल्यावर चार दिवस थेंब घातले नाहीत तर डोळ्याचं काय होतं, सांगू?"

नवी ऑपरेटर रडायला लागली. तिने चुकीच्या दोन कळा दाबल्या होत्या. आणि ते प्रूफ मी तपासलं होतं. खाली माझी सही होती. हे मी मान खाली घालून कबूल केलं.

"इतक्या वर्षांत इथून अशी चूक आलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या त्या मावशी कुठे आहेत?"

मालकांनी सांगितलं. ताईत, लहरी, हात, सगळं. सांगताना त्यांचं त्यांनाच कसंसं व्हायला लागलं होतं, पण अर्ध्यावर थांबणार कसे. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एखाद्याला अंधुक दिसत असेल," मग त्या म्हणाल्या, "तर दोष डोळ्यात आहे की चष्म्यात, हे मी कसं ओळखते? चष्मा बदलून बघते. अंधुकपणा चष्म्याबरोबर गेला तर दोष चष्म्याचा. राहिला तर डोळ्याचा. तुम्ही काय बदलून बघितलंत?"

"मशीन बदलून बघितलं ना."

"मशीन बदललं, पण मावशी आपल्याच लॉगिनमध्ये होत्या. हात आणि लॉगिन दोन्ही बरोबरच फिरले. मग दोष हाताचा, हे कसं ठरलं?"

मालक प्रूफची घडी घालू लागले. डॉक्टरांनी विचारलं,

"गुरुजी पुन्हा कधी येणार आहेत?"

"शनिवारी. ताईत भारून द्यायला."

"मीही येते. मावशींना बोलावून घ्या. आणि जे लोक मागच्या वेळी होते, त्या सगळ्यांनाही."

शनिवारी पुन्हा तीच गर्दी झाली, किंबहुना वाढलीच. डॉक्टर विरुद्ध यंत्रगुरू म्हटल्यावर कोण घरी बसतो. यंत्रगुरूंनी डॉक्टरांना लवून नमस्कार केला. "आपण डोळ्यांवर उपचार करता, मी दृष्टीवर," असं म्हणाले. कागदवाल्याला हे फार आवडलं.

"तुम्ही म्हणता मशीन हात ओळखतं," डॉक्टर म्हणाल्या.

"हात नाही, लहर ओळखतं. हातातून वाहणारी."

"ठीक. मावशी, तुमच्या नावाने लॉगिन करा आणि उठा. एडिटर उघडू नका."

मावशींनी पासवर्ड घातला आणि त्या उठल्या. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. मी एडिटर उघडला. माझ्या हातांना यंत्रगुरूंनी मागेच निर्मळ म्हणून पावती दिली होती. ताईत खाचेत होता. तरी एडिटर कोरा उघडला.

"आता उलटं. तुम्ही तुमच्या नावाने लॉगिन करा आणि उठा. मावशी, बसा."

मावशी बसल्या. त्यांनी माऊस धरला. एडिटर उघडला. मोठं अक्षर, पिवळी पाटी. त्यांनी दोन कळा दाबल्या. 'दर चार तासांनी'.

विमा कचेरीतली ती बाई पुढे येऊन पडद्याकडे वाकून पाहू लागली.

"दोष लॉगिनबरोबर गेला," डॉक्टर म्हणाल्या. "हाताबरोबर नाही."

यंत्रगुरू हसले. "आधीच्या हाताची लहर खुर्चीत राहते. ती पुढच्याला लागते."

"दोन्ही वेळा खुर्ची एकच होती. पहिल्यांदा मावशींनंतर हे बसले, दुसऱ्यांदा यांच्यानंतर मावशी. तुमच्या हिशेबाने या दोन्ही हातांच्या लहरी दोन्ही वेळा खुर्चीत होत्या. मग एकदा बिघडतं आणि एकदा चालतं ते कशाने?"

"सूक्ष्म गोष्टी अशा गर्दीत..."

"गर्दी तुम्हीच जमवत होतात," शिक्केवाला म्हणाला. हे तो कसा बोलला कोण जाणे. बहुधा हात जोडल्याची लाज वाटत असावी.

"मावशी," डॉक्टर म्हणाल्या, "पुढचं मला येत नाही. तुम्ही सांगा."

मावशींनी पडद्यावर एक खिडकी उघडली. प्रत्येक लॉगिनसाठी मशीनला दिलेल्या सूचना तिथे ओळीने लिहिलेल्या असतात. माझ्या नावाखालच्या एका ओळीवर त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"इथे लिहिलंय की एडिटरने सेटिंग 'ई' नावाच्या जागेवरून वाचावी. मुळात एडिटर तसं करत नाही. तो या मशीनच्या आतल्या फोल्डरमधून वाचतो. ही ओळ कुणीतरी नंतर घातली आहे. सगळ्यांच्या लॉगिनमध्ये असेल. माझ्यात नाही, कारण माझा पासवर्ड त्यांना मिळाला नाही. म्हणून माझा एडिटर मशीनच्या आतच शोधतो, आणि आत काही ठेवलेलंच नाही."

"आणि 'ई' म्हणजे काय?" मालकांनी विचारलं.

मावशींनी खाचेतून ताईत ओढून काढला. पडद्यावर 'ई' दिसेनासं झालं. त्यांनी डबी उलटी केली, शर्टाची शिवण उसवावी तसं तिच्या कडेला नख घातलं आणि तांब्याचा पत्रा टचकन उघडला. आत काळा, चपटा, कुठल्याही दुकानात मिळणारा पेन ड्राइव्ह होता.

यंत्रगुरू उठून उभे राहिले. "तुम्ही पवित्र वस्तूचा भंग केलात."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. आणि खरं सांगतो, तो माणूस बसला.

मावशींनी पेन ड्राइव्ह पुन्हा लावला आणि त्यातला फोल्डर उघडला. त्यांचाच फोल्डर. जुन्या कॉम्प्युटरमधला, जो दूषित म्हणून गाडीत घालून नेला होता. शब्दांच्या यादीत सगळ्यात वर त्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेली टीप होती: 'म्हाताऱ्या माणसांसाठी आहे, घाई करू नये.' ती त्यांनी वाचली नाही. मी वाचली, मोठ्याने.

मग त्यांनी फोल्डर मशीनच्या आत नेहमीच्या जागी ठेवला, ती घुसवलेली ओळ पुसली आणि पेन ड्राइव्ह काढून डॉक्टरांच्या हातात दिला. मला पुन्हा लॉगिन करायला लावलं. एडिटर उघडला. मोठं अक्षर, पिवळी पाटी. खाच रिकामी होती. कुणी काही पुटपुटलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटंही लागली नव्हती.

यंत्रगुरूंनी जाताना एक वाक्य टाकलंच. "श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही." दार ढकलायचं होतं, त्यांनी ते ओढलं आणि जरा वेळ तसेच ओढत राहिले. शेवटी कागदवाल्याने उघडून दिलं. "माणूस तसा चांगला आहे," कागदवाला आम्हाला म्हणाला, "जरा वाट चुकला असेल." अशा माणसांचं काय करावं मला कळत नाही. फसवणाऱ्याला निदान आपण फसवतोय हे तरी ठाऊक असतं.

गर्दी पांगायला लागली तसे मालक मावशींजवळ आले. "मावशी, झालं गेलं विसरून जा. सोमवारपासून या."

"विसरायला मी काही एडिटर नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही मला सगळ्यांसमोर घरी पाठवलंत. माझ्या हातात दोष नव्हता, हे आता सगळ्यांसमोर सांगा. ते जातायत, लवकर सांगा."

मालकांनी घसा साफ केला आणि सांगितलं.

"जिन्यावरच्यांना ऐकू गेलं नाही," मावशी म्हणाल्या.

मालकांनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. जिन्यावरच्या तिघी थांबून मागे वळल्या. त्यातली एक परत खाली आली आणि तिने मावशींचे दोन्ही हात हातात घेतले. मावशींनी ते जरा वेळ राहू दिले. मग म्हणाल्या, "सोडा आता, तीन मशीनं व्हायची आहेत."

जुन्या कॉम्प्युटरसाठी पोलिसांत तक्रार मावशींनी स्वतः लिहिली. मी तपासली. लाल रेघ कुठेच मारावी लागली नाही. थेंबांच्या त्या पत्रकाचं दुरुस्त केलेलं प्रूफ मी डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेलो आणि माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही ओळ वाचली नव्हतीत. नुसती सही करून पुढे गेला होतात."

यंत्रगुरूंची हकिगत मी आता भेटेल त्याला सांगतो. ऐकणारे हसतात, आणि त्यातलाच एखादा निघताना हळूच विचारतो, "पण डबी लावल्यावर चालायचं, हे तर खरं ना?" हो, चालायचं. तुमचं घर उघडायची किल्ली चोराने खिशात घातली, तर तो जवळ असेपर्यंत दार उघडतं. म्हणून चोराला पूजायचं नसतं, किल्ली परत मागायची असते.

वाचणाऱ्यांना माझी साधी विनंती आहे. कुणी तुमच्यासमोर नवल करून दाखवलं, तर ते होतं कसं हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, आणि काय कशाबरोबर जातं ते पाहा. एकांत मागणाऱ्याला एकांत देऊ नका. आणि दोष एखाद्या माणसाच्या हाताचा, पायगुणाचा, नजरेचा आहे असं कुणी सांगू लागलं, तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर पुरावा मागा. यासाठी फार शिकावं लागत नाही. फक्त भिंतीपासून दूर होऊन तोंड उघडावं लागतं. आम्ही खोलीभर माणसं होतो आणि ते आम्ही केलं नाही, त्याची शिक्षा खरं बोलणाऱ्या एकटीने भोगली.